लढाया जिंकल्या, देश गमावला

युद्धाच्या अभ्यासात एक प्रश्न गेली कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा विचारला जातो. एखाद्या मुलखात बंड उठले, बंडखोर समोरासमोर न येता डोंगरात, रानात, शहरातल्या अरुंद गल्ल्यांत मिसळून छापे घालू लागले, तर त्यांचा बीमोड करण्यासाठी राज्यकर्त्यांचे लष्कर जे काही करते त्याला युद्धनीती म्हणावे, की ती नुसती मोहीम चालविण्याची एक रीत आहे? वरवर पाहता हा वाद लष्करी विद्यालयातला वाटतो. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत त्याला जागा कशाला, असेही एखाद्या पालकाच्या मनात येईल. पण हा नुसता शब्दांचा खेळ नाही. या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे न शोधल्यामुळे विसाव्या शतकात लाखो माणसे मेली, गावेच्या गावे उठविली गेली, आणि एक बलाढ्य राष्ट्र लढाईमागून लढाई जिंकत शेवटी युद्ध हरले. ते राष्ट्र फ्रान्स, आणि तो देश अल्जीरिया.

अशा लढाईला आपल्या मराठीत गनिमी कावा म्हणतात. यातला ‘गनीम’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा अर्थ शत्रू. गनिमी काव्याने लढणाऱ्यांच्या कथा आपण आवडीने वाचतो. त्याच्याशी सामना करणाऱ्या लष्कराच्या विचाराकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. या लेखात तोच विचार तपासून पाहण्याचा प्रयत्न आहे.

पाठटाचणाचा दाखला

आधी शब्द नीट समजून घेऊ. बी.एड.च्या वर्गात शिकाऊ शिक्षकाला पाठटाचण लिहावे लागते. त्यात पहिला रकाना उद्दिष्टाचा असतो: हा पाठ संपल्यावर विद्यार्थ्याला काय यावे? मग अध्यापनाची पद्धती येते, आणि शेवटी नकाशा, तक्ता, फळा ही साधने येतात. एखादा शिक्षक सुंदर तक्ते आणतो, प्रश्नोत्तरे झकास घेतो, वर्ग शांत ठेवतो. पण उद्दिष्टाचा रकाना कोरा असेल तर त्या तासाला मुले नेमके काय शिकली हे कोणालाच सांगता येणार नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला मात्र तास उत्तम वाटेल.

युद्धाचेही असेच आहे. युद्धातून शेवटी काय साधायचे हे राज्यकर्त्यांनी ठरवायचे असते. ते झाले राजकीय उद्दिष्ट. ते उद्दिष्ट आणि हाताशी असलेले बळ यांची सांगड घालणारा विचार म्हणजे युद्धनीती. गस्त कशी घालावी, नाकेबंदी कशी करावी, खबर कशी काढावी, गावकऱ्यांशी कसे वागावे ही झाली रीत किंवा पद्धती. एकोणिसाव्या शतकातील प्रशियन विचारवंत क्लाउझेवित्स याने युद्ध हे राजकारणाचेच पुढचे रूप मानले आणि लढायांचा उपयोग युद्धाच्या हेतूसाठी करणे याला युद्धनीती म्हटले. हेतूच ठरलेला नसेल, किंवा ठरलेला हेतू अशक्य असेल, तर लढाया कितीही कौशल्याने लढल्या तरी त्यांची बेरीज होत नाही.

एकशे बत्तीस वर्षांचे राज्य

१८३० साली जून महिन्यात फ्रेंच सैन्य अल्जीरियाच्या किनाऱ्यावर सिदी फेरूश येथे उतरले, आणि ५ जुलै १८३० रोजी अल्जिअर्स शहर पडले. पश्चिमेकडच्या प्रांतात अमीर अब्दुल कादिर यांनी १८३२ पासून १८४७ पर्यंत पंधरा वर्षे झुंज दिली. त्यांच्याविरुद्ध मार्शल ब्युजो याने हलक्या, वेगवान तुकड्या उभारल्या आणि पिके जाळण्याचे, गुरे हाकून नेण्याचे, धान्याची पेवे फोडण्याचे सत्र आरंभिले. १८४५ साली दाहरा भागात गुहेत आश्रय घेतलेल्या उलाद रियाह टोळीच्या शेकडो बायकामुलांना आणि पुरुषांना कर्नल पेलिसिए याने गुहेच्या तोंडाशी आग लावून धुराने गुदमरवून मारले. हेच अब्दुल कादिर पुढे दमास्कसला राहू लागले, आणि १८६० साली तेथे दंगल उसळली तेव्हा त्यांनी हजारो ख्रिस्ती लोकांना आश्रय देऊन वाचविले. आपल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

मुलूख जिंकला. पुढे काय? सुपीक जमिनी युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांकडे गेल्या. कायद्याने अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग ठरला, पण तेथील मुसलमान फ्रान्सचे पूर्ण नागरिक झाले नाहीत. १८६५ च्या कायद्यानुसार नागरिकत्व हवे असेल तर त्यांना शरियतप्रमाणे चालणारा आपला वैयक्तिक कायदा सोडावा लागे. १८८१ पासून त्यांच्यासाठी शिक्षेचे वेगळेच नियम लागू झाले. १९४७ साली अल्जीरियासाठी एक विधिमंडळ निर्माण करण्यात आले. त्यात १२० जागा होत्या: ६० जागा मुख्यतः युरोपीय मतदारांसाठी आणि ६० जागा बाकीच्या मुसलमान जनतेसाठी. युरोपीय होते दहा लाखांच्या आसपास, आणि मुसलमान ऐंशी लाखांहून जास्त. त्यातही १९४८ च्या निवडणुकीत सरकारी अधिकाऱ्यांनी उघड लबाडी केली.

त्याआधी ८ मे १९४५ रोजी, युरोपात महायुद्ध संपल्याच्या दिवशी, सेतिफ येथे मोर्चा निघाला, गोळीबार झाला, आणि चिडलेल्या जमावाने त्या भागात सुमारे शंभर युरोपीयांना ठार मारले. मग लष्कराने आणि वसाहतवाल्यांच्या टोळ्यांनी जो सूड घेतला त्यात हजारो मुसलमान मारले गेले. नक्की आकड्याविषयी आजही वाद आहे.

फरहात अब्बास यांचे उदाहरण येथे बोलके आहे. औषधशास्त्र शिकलेले, फ्रेंच भाषेवर प्रेम करणारे हे गृहस्थ १९३६ साली असे लिहीत होते की अल्जीरियन राष्ट्र मी इतिहासात धुंडाळले, पण ते मला आढळले नाही. त्यांची मागणी एवढीच होती की आम्हाला बरोबरीचे नागरिक करा. ती वीस वर्षे नाकारण्यात आली. १९५६ साली तेच अब्बास राष्ट्रीय मुक्ती आघाडीला मिळाले, आणि सप्टेंबर १९५८ मध्ये कैरो येथे जाहीर झालेल्या हंगामी स्वतंत्र सरकारचे पहिले अध्यक्ष झाले. असा माणूसही शेवटी बंडाकडे वळतो, यावरून राज्यकर्त्यांनी काही शिकायला हवे होते.

बंडाची पहिली सकाळ

१ नोव्हेंबर १९५४ रोजी राष्ट्रीय मुक्ती आघाडीने देशभर अनेक ठिकाणी एकाच वेळी हल्ले केले. त्या सकाळी ओरेसच्या डोंगराळ भागात बिस्कराहून आरिसकडे जाणारी एक मोटारबस बंडखोरांनी अडविली. बसमध्ये गी मोनेरो नावाचा २३ वर्षांचा फ्रेंच शिक्षक आणि त्याची पत्नी होती. खेड्यातल्या मुसलमान मुलांना शिकवायला ते दोघे नुकतेच फ्रान्सहून आले होते. एक स्थानिक मुसलमान अंमलदार, कायद हाज सादोक, बंडखोरांना आडवा गेला, गोळ्या सुटल्या. अंमलदार मेला, शिक्षक मेला, पत्नी जखमी होऊन वाचली. शिक्षकाच्या पेशातल्या कोणालाही ही हकीकत वाचून चैन पडणार नाही. गुलामगिरीविरुद्धचा लढा न्याय्य असला तरी त्यातली प्रत्येक गोळी न्याय्य नसते, हे मुलांना शिकवताना आपण लपवू नये. पुढे ऑगस्ट १९५५ मध्ये फिलिपव्हिल भागात युरोपीय बायकामुलांची कत्तल झाली, सप्टेंबर १९५६ पासून अल्जिअर्समध्ये उपाहारगृहांत बाँब फुटले, आणि मे १९५७ मध्ये मेलूझा येथे तर आघाडीच्या माणसांनी विरोधी पक्षाला मानणाऱ्या सुमारे तीनशे मुसलमान गावकऱ्यांनाच ठार केले.

बीमोडाची शास्त्रशुद्ध रीत

फ्रेंच लष्कर मे १९५४ मध्येच व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू येथे हरून आले होते. तेथे कैदेत पडलेले, पराभवाने पोळलेले अधिकारी अल्जीरियात आले ते एक निश्चय करून: या खेपेस नव्या तऱ्हेचे युद्ध आपण नीट शिकून घ्यायचे. त्यांनी ते शिकूनही घेतले. त्यांची रीत थोडक्यात अशी होती.

पहिली गोष्ट, माणसे. मार्च १९५६ मध्ये फ्रेंच संसदेने सरकारला विशेष अधिकार दिले, सक्तीच्या भरतीचे तरुण धाडण्यात आले आणि सैन्याची संख्या चार लाखांवर गेली. सारा देश चौकोनांत वाटून प्रत्येक चौकोनात ठाणे बसविले गेले.

दुसरी गोष्ट, लोकांची मने. १९५५ पासून ग्रामीण भागात खास प्रशासकीय केंद्रे उघडण्यात आली. पुढे त्यांची संख्या सुमारे ७०० झाली. निळ्या टोपीचे लष्करी अधिकारी तेथे दवाखाना चालवीत, रस्ते बांधीत, शाळा भरवीत, आणि शाळेत पुष्कळदा सैनिकच शिकवीत. त्यांतले काही अधिकारी मनापासून काम करणारे होते हे मान्य केले पाहिजे. पण दवाखान्यात औषध देणारा आणि रात्री कोण गावात आले होते हे विचारणारा माणूस एकच असे.

तिसरी गोष्ट, बंडखोर आणि जनता यांची ताटातूट. डोंगरातली गावे रिकामी करून लोकांना तारेच्या कुंपणातील छावण्यांत आणले गेले. वीस लाखांहून अधिक खेडूत अशा रीतीने घराबाहेर पडले. शेत सुटले, गुरे सुटली. १९५९ साली मिशेल रोकार या तरुण फ्रेंच अधिकाऱ्याने या छावण्यांतील उपासमारीचा आणि बालमृत्यूंचा अहवाल लिहिला, आणि तो वृत्तपत्रांत फुटल्यावर फ्रान्समध्ये खळबळ माजली. हाच अधिकारी पुढे १९८८ साली फ्रान्सचा पंतप्रधान झाला.

चौथी गोष्ट, सरहद्द. ट्युनिशियाच्या सीमेवर १९५७ साली विजेच्या तारांचे, सुरुंगांचे आणि पहाऱ्याचे तीनशेहून अधिक किलोमीटर लांबीचे कुंपण उभे राहिले. बाहेरून शस्त्रे आणि माणसे येणे जवळजवळ थांबले.

पाचवी गोष्ट, खबर. आणि येथे आपण अल्जिअर्सच्या लढाईकडे येतो. जानेवारी १९५७ मध्ये शहरातल्या पोलिसांचे अधिकार जनरल मास्यू यांच्या छत्रीसैनिकांच्या हाती देण्यात आले. कसबा म्हणजे शहराचा जुना, दाटीवाटीचा मुसलमान भाग. त्याला वेढा पडला. कर्नल त्रँकिए याने घरांना क्रमांक घातले, दर घराची यादी केली, दर गल्लीला एक जबाबदार माणूस नेमला. २८ जानेवारीला सुरू झालेला संप सैनिकांनी दुकानांची दारे उखडून मोडून काढला. रात्री माणसे उचलली जात, त्यांना विजेचे झटके दिले जात, पाण्यात बुडविले जाई, आणि निघालेल्या नावांवरून पुढची माणसे उचलली जात. आघाडीचे नेते लारबी बेन महिदी फेब्रुवारीत पकडले गेले आणि कैदेत मारले गेले. त्यांनी आत्महत्या केली असे तेव्हा सांगण्यात आले. जूनमध्ये मोरिस ओदँ हा गणिताचा तरुण अध्यापक उचलला गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. सप्टेंबरात यासेफ सादी पकडले गेले, ८ ऑक्टोबर १९५७ रोजी अली ला पॉइंट मारला गेला. बाँब थांबले. लष्कराने अल्जिअर्सची लढाई पुरती जिंकली होती.

डोंगरातला विजय थोडा उशिरा आला. जनरल शाल यांनी फेब्रुवारी १९५९ पासून पश्चिमेकडून पूर्वेकडे एकेक प्रदेश घेऊन तो पिंजून काढला. बंडखोरांच्या मोठ्या तुकड्या फुटल्या. फ्रेंचांच्या बाजूने हत्यार धरणाऱ्या मुसलमानांची संख्याच आतल्या बंडखोरांपेक्षा जास्त होती. रीत म्हणून पाहिले तर त्यात फारशी उणीव नव्हती. कबिलिया भागात तुकडीप्रमुख असलेल्या दाविद गालुला या अधिकाऱ्याने या अनुभवावर १९६४ साली जे पुस्तक लिहिले ते पुढे जगातल्या सैन्यांत पाठ्यपुस्तकासारखे वाचले गेले.

उद्दिष्टाचा कोरा रकाना

मग हे सारे कशासाठी होते? फ्रेंच पुढाऱ्यांचे उत्तर ठरलेले होते: अल्जीरिया म्हणजे फ्रान्स. हे उत्तर थोडे उलगडून पाहू. अल्जीरिया खरोखरच फ्रान्स असेल तर ऐंशी-नव्वद लाख मुसलमान बरोबरीचे फ्रेंच नागरिक व्हायला हवेत. त्यांचे प्रतिनिधी संसदेत, त्यांची मुले शाळेत, जमिनीत त्यांचा वाटा. पण युरोपीय वसाहतवाल्यांना हे मुळीच मान्य नव्हते, आणि ज्यांच्या रक्षणासाठी सैन्य आले ते हेच लोक. बरोबरी द्यायची नसेल तर उरते ती सत्ता, आणि नव्वद लाखांवर संगिनीच्या जोरावर कायमची सत्ता चालविण्याइतके बळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रान्सकडे नव्हते. म्हणजे एक मार्ग राज्यकर्त्यांना नको होता आणि दुसरा त्यांना परवडत नव्हता. या दोहोंच्या मधल्या जागेत लष्कराला ठाणी, छावण्या, कुंपणे आणि चौकशा एवढेच काम उरले. लष्कर रीत सुधारत गेले आणि त्या सुधारणेलाच युद्धनीती समजत गेले.

आणखी एक गोष्ट अशी की, रीत उद्दिष्टाला नुसती अपुरी पडली नाही, तिने ते पोखरले. छावणीतल्या ज्या आईचे मूल तापाने गेले ती फ्रान्सची कशी होणार? ज्या घरातला मुलगा रात्री उचलला गेला ते घर दवाखान्याच्या औषधाने वश कसे होणार? अल्जिअर्सच्या पोलीस खात्याचे सचिव पोल तेतजां हे स्वतः जर्मनांच्या छळछावणीतून वाचलेले होते. कैद्यांच्या अंगावरच्या खुणा त्यांनी ओळखल्या. परत न आलेल्या माणसांची त्यांनी केलेली मोजदाद ३,०२४ पर्यंत गेली, आणि त्यांनी राजीनामा दिला. जनरल द बोलार्दिएर यांनीही या पद्धतींचा निषेध म्हणून पद सोडले. बक्षीस म्हणून त्यांना साठ दिवस किल्ल्यात कैद मिळाली. छळ केल्याने माहिती मिळते की नाही हा प्रश्न फार नंतरचा. आधी तो अधर्म आहे, हे या दोघांना सांगावे लागले नाही.

उलट बाजूला, बंडखोरांचे बळ थोडे होते पण उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येण्याजोगे होते: स्वातंत्र्य. लष्करावर विजय मिळविणे आपल्याला शक्य नाही हे त्यांना कळत होते. त्यांना फक्त प्रश्न जिवंत ठेवायचा होता आणि तो जगापुढे न्यायचा होता. एप्रिल १९५५ मध्ये बांडुंग परिषदेला, जेथे पंडित नेहरूही हजर होते, आघाडीचे प्रतिनिधी निरीक्षक म्हणून गेले. त्याच सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अवघ्या एका मताच्या फरकाने अल्जीरियाचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. फ्रान्सचा प्रतिनिधी सभा सोडून गेला.

याचा शेवट कसा झाला ते तारखांवरूनच पाहावे. मे १९५८ मध्ये अल्जिअर्समधील उठावातून फ्रान्सचे सरकार कोसळले आणि द गॉल सत्तेवर आले. शाल यांची मोहीम ऐन जोरात असताना, १६ सप्टेंबर १९५९ रोजी द गॉल यांनी अल्जीरियाला स्वयंनिर्णयाचा हक्क जाहीर केला. कसब्यात लष्कराने बंड मोडल्याला तीन वर्षे झाली होती; ११ डिसेंबर १९६० रोजी त्याच शहरात हजारो मुसलमान स्त्रीपुरुष आणि पोरे हिरवे-पांढरे निशाण घेऊन रस्त्यावर उतरली. संघटना मोडली होती, इच्छा मोडली नव्हती. एप्रिल १९६१ मध्ये शाल यांच्यासह चार सेनापतींनी आपल्याच सरकारविरुद्ध बंड केले. ते चार दिवसांत फसले. बंड मोडण्याचे शास्त्र शिकलेले सेनापती स्वतःच बंडखोर झाले! १८ मार्च १९६२ रोजी एव्हियाँ येथे करार झाला, आणि ५ जुलै १९६२ रोजी, अल्जिअर्स पडल्याला बरोबर १३२ वर्षे झाली त्या दिवशी, अल्जीरियाने स्वातंत्र्याचा उत्सव केला. त्या उन्हाळ्यात लाखो युरोपीय देश सोडून गेले. फ्रेंचांच्या बाजूने लढलेले हजारो मुसलमान मागे सोडले गेले आणि सूडाला बळी पडले. युद्धात मेलेल्यांची संख्या अल्जीरियाचे सरकार पंधरा लाख सांगते. बहुतेक इतिहासकार ती अडीच ते चार लाखांच्या दरम्यान धरतात.

मलायाचे काय?

येथे एक आक्षेप येईल. मलायात इंग्रजांनी १९४८ पासून १९६० पर्यंत कम्युनिस्ट बंडाशी लढून ते मोडले. तेथेही सुमारे पाच लाख लोकांना नव्या गावांत हलविले, तेथेही नाकेबंदी, ओळखपत्रे आणि खबरे होते, तेथेही निरपराध मेले. मग तेथे हीच रीत यशस्वी झाली ना?

उत्तर असे की, मलायात रीतीच्या मागे एक निर्णय उभा होता. बंडखोर बहुतांशी चिनी समाजातले होते, बहुसंख्य मलय जनता त्यांच्यामागे नव्हती; परिस्थिती मुळातच वेगळी होती. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंग्रजांनी राज्य सोडण्याचे ठरविले होते. १९५२ साली चिनी लोकांना नागरिकत्वाची वाट रुंद केली, १९५५ साली निवडणुका झाल्या, तुंकू अब्दुल रहमान यांच्या आघाडीने ५२ पैकी ५१ जागा जिंकल्या, आणि ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलाया स्वतंत्र झाला. बंडखोर स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणत होते. ते स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हातून आले आणि त्यांच्या बंदुकीचा अर्थ संपला. यश त्या निर्णयाचे होते. ठाणी आणि गस्ती यांनी त्याला वेळ मिळवून दिला. एकच रीत दोन देशांत वापरली आणि निकाल उलट आले, यावरूनच दिसते की निकाल रीतीत नव्हता.

जुना धडा, नवी शाळा

हा वाद १९६२ साली संपला नाही. ऑगस्ट २००३ मध्ये, इराकवर ताबा मिळविल्यावर, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या अधिकाऱ्यांना अल्जिअर्सच्या लढाईवरचा १९६६ सालचा प्रसिद्ध चित्रपट दाखविला. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकन लष्कराने बंडविरोधी मोहिमेची नवी पुस्तिका काढली, तिच्यावर गालुलाची छाप स्पष्ट होती. तेव्हा त्याच लष्करातील जियान जेंटाइल या कर्नलने २००९ साली एक टीकालेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा की, आपण डावपेचांनाच युद्धनीतीच्या जागी बसविले आहे. लोकांचे रक्षण कसे करावे हे आपण शिकलो, पण कशासाठी, किती काळ आणि कोणत्या किमतीला, हे विचारणेच सोडून दिले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबान काबूलमध्ये शिरले तेव्हा वीस वर्षांच्या मोहिमेनंतर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

तेव्हा माझे मत मी स्पष्ट मांडतो. बंडाचा बीमोड ही स्वतःहून युद्धनीती होऊ शकत नाही. ती पद्धती आहे. चांगली किंवा वाईट, माणुसकीची किंवा क्रूर. तिला नीतीचा दर्जा देणारी गोष्ट लष्कराच्या हाती नसतेच. ज्या लोकांवर राज्य करायचे त्यांना आपण उद्या कोणते स्थान देणार आहोत, या प्रश्नाचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यायचे असते. ते उत्तर न्यायाचे असेल तर पुष्कळदा मोहिमेची गरजच उरत नाही. उत्तरच नसेल तर पद्धती हळूहळू हेतूची जागा घेते, आणि माणूस काय करतो आहोत हे विसरून किती चांगले करतो आहोत हेच मोजत बसतो.

शिक्षकांचे दोन मृत्यू

लेख संपविण्यापूर्वी पुन्हा शाळेकडे येतो. हे युद्ध एका शिक्षकाच्या मृत्यूने सुरू झाले होते, आणि ते संपत असतानाही शिक्षकच मेले. मुलूद फेरौन हे कबिलियातल्या गरीब शेतकऱ्याचे पुत्र. शिष्यवृत्तीवर शिकून ते शिक्षक झाले, फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहू लागले, आणि युद्धाच्या वर्षांत रोजनिशी लिहीत राहिले. फ्रेंचांचा जुलूम आणि आघाडीची दहशत, दोन्ही त्यांनी तीत नोंदली. १५ मार्च १९६२ रोजी, कराराला तीन दिवस उरले असताना, अल्जिअर्सजवळ शिक्षण केंद्राच्या अधिकाऱ्यांची बैठक चालू होती. वसाहतवाल्यांच्या गुप्त लष्करी संघटनेचे लोक आत आले, त्यांनी नावे पुकारली, सहा जणांना भिंतीशी उभे केले आणि गोळ्या घातल्या. तिघे अल्जीरियन होते, तिघे युरोपीय. फेरौन त्यांत होते. त्याच संघटनेने जूनमध्ये अल्जिअर्स विद्यापीठाचे ग्रंथालय पेटविले. लाखो पुस्तके जळाली.

स्वतंत्र झालेल्या देशाच्या हाती काय आले? १९५४ साली मुसलमानांत दहांपैकी सुमारे नऊ माणसे निरक्षर होती. १९ मे १९५६ पासून विद्यार्थ्यांनी वर्ग सोडून लढ्यात उडी घेतली होती. त्यातले कितीतरी परतलेच नाहीत. युरोपीय शिक्षक निघून गेले, आणि इजिप्त, सीरियासारख्या देशांतून शिक्षक आणावे लागले. अशा वेळी त्या देशाला एका जुन्या माणसाची पुण्याई उपयोगी पडली. कॉन्स्टन्टाइनचे शेख अब्दुल हमीद बेन बादिस यांनी १९३१ साली उलेमांची संघटना स्थापून गावोगाव मदरसे आणि शाळा उघडल्या होत्या. मुलांबरोबर मुलींनाही शिकवा असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी बंदूक उचलली नाही. १६ एप्रिल १९४० रोजी, बंड उठण्याच्या चौदा वर्षे आधी, ते वारले. पण आपण कोण आहोत हे सांगता येणारी एक पिढी त्यांनी तयार केली. आजही अल्जीरियात १६ एप्रिल हा इल्मचा दिवस म्हणून पाळला जातो.

सत्यालाही वेळ लागतो, पण ते येते. ओदँ यांना छळ करून मारले हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१८ साली मान्य केले. बेन महिदी यांची आत्महत्या नव्हती, फ्रेंच सैनिकांनीच त्यांना मारले, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये, म्हणजे सदुसष्ट वर्षांनी कबूल करण्यात आले. तोवर ही नावे कोणी जपली? आयांनी, विधवांनी, आणि कागद जपून ठेवणाऱ्या इतिहासाच्या अभ्यासकांनी.

विद्यार्थी मित्रांनो, इतिहासाच्या पुस्तकात लढाई कोणी जिंकली हे ठळक अक्षरात छापलेले असते. ते पाठ करा, परीक्षेत विचारले जाईल. पण त्याच्या खाली पेन्सिलीने आणखी एक प्रश्न लिहून ठेवीत जा: हे कशासाठी चालले होते? स्वतःच्या आयुष्यातही तोच प्रश्न अधूनमधून विचारा. आणि पालकांना विनंती एवढीच की, मुलांना गुण किती पडले हे विचारताना, ती कशासाठी शिकत आहेत हेही त्यांच्याशी बसून बोलावे. उद्दिष्टाचा तो रकाना शाळा एकटी भरू शकत नाही.